विहीणबाई, लेखी कळवावे

मेटगळ्ळी, म्हैसूर
४ नोव्हेंबर २०२४

सौ. तुळसीबाई व्यासराज यांना,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे. मी नुसताच नमस्कार लिहिते.

एकाच गावात राहून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही निम्मं कन्नडमध्ये बोलता, मला पाच वर्षांत ते जमलेलं नाही, आणि नंतर तुम्ही 'मी असं म्हटलंच नाही' म्हणून हात झटकता. तेव्हा या वेळी लेखी. आमचे हे आणि तुमचे व्यासराजराव रोज सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्याला फेऱ्या मारतात, मुलांच्या लग्नापासून त्या दोघांचं चांगलं मेतकूट जमलंय. पत्र त्यांच्याकडे देते. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

मृण्मयी मला दर रविवारी मेल करते. कालच्या मेलमधलं जसंच्या तसं उतरवते: 'थंडीने हात पार फुटलेत. कामावरून आले की संकर्षण आधी हात बघतो. तुझे हात बघून मला बेजार होतं म्हणतो. रोज.'

रोज म्हणे. माझी एकुलती एक मुलगी लग्न करून तुमच्या मुलामागे स्वीडनला गेली. दुपारी चारला अंधार पडतो तिथे. गेली कशासाठी, तर नवऱ्याने तिचे हात बघून बेजार व्हावं म्हणून? दातांची डॉक्टर आहे ती. सांगलीच्या कॉलेजात तिचे सर म्हणायचे, हिच्या हातून दात कधी निघाला ते पेशंटला कळत नाही. एप्रिलपासून शाळेत लागली आहे, तिकडे म्हणे मुलांचे दात सरकारच बघतं. मी आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना अभिमानाने सांगते.

पुढच्याच ओळीत तिने लिहिलंय की रविवारी कपडे धुवायचा त्यांचा नंबर होता आणि तळघरातल्या मशीनसमोर बसून दोघांनी भडंग खाल्लं. मी काही दूधखुळी नाही. पोरगी झाकतेय.

आणि हा शब्द तुमच्या घरचाच आहे. गेल्या वर्षी माझे वडील गेले, तेव्हा तुम्ही फोन करून काय म्हणालात? 'ऐकून फार बेजार झालं.' माझ्या वडिलांच्या मरणाने तुम्ही बेजार झालात. मी फोन ठेवला, आणि तुम्ही पुन्हा केलाही नाही.

तर मी ठरवलं ते ऐका. नजरबादला, तुमच्याच भागात, डॉ. वेदवती यांचा दातांचा दवाखाना आहे. त्यांना जानेवारीपासून बरोबर कोणीतरी हवंय. मी शब्द टाकलाय. मृण्मयी डिसेंबरात येईल आणि परत जाणार नाही. तुमच्या मुलाला तिच्या हातांचा त्रास नको.

यावर काही म्हणणं असेल तर लेखी कळवावे.

जानकी उपेंद्र

*

नजरबाद, मैसूर
८ नोव्हेंबर २०२४

जानकीबाई यांस नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी शर्टाच्या खिशातून आणलं, घामाने ओलं झालं होतं. वाळवून वाचलं. मी तीस वर्षं सरकारी शाळेत हिंदी शिकवलं, म्हणून ही लिपी येते. मराठी आमच्या घरात सात पिढ्या बोलतात, पण लिहायची वेळ कधी आली नाही. चुका होतील. तुम्ही लाल पेन घेऊनच बसा.

लग्नात तुम्ही तुमच्या बहिणीला माझी ओळख करून दिली, 'यांचं मराठी ऐक, फार गंमतशीर आहे' म्हणून. मग पंगतीत तुमच्याकडच्या मुली 'येतो म्हणून सांगितलं, जातो म्हणून सांगितलं' करत माझी नक्कल करून हसत होत्या. मी पायसाचं पातेलं घेऊन त्यांच्या मागेच उभी होते की. त्यांना पायस वाढलं आणि पुढे गेले.

आता बेजार म्हणजे काय म्हणून तुम्ही माझ्यावर पत्र लिहिता. शुद्ध मराठी तर तुमचं. कोशात बघा. मी सांगणार नाही.

तुमचे वडील वारले म्हणून कळलं तेव्हा मी ताटावरून उठून फोन केला होता. हात धुवून आधी तुम्हाला फोन. तो फोन तुम्ही दीड वर्ष असा मनात ठेवून घेतला हे मला आज कळलं. आयितु, असू दे. ठेवा तसाच.

माझा मुलगा तिथे भात लावतो, इस्त्री करतो, संडास धुतो. त्याच्या वडिलांनी आजपर्यंत स्वतःचं ताट उचललं नाही. कधी मी बोलले का, माझ्या मुलाला कामाला लावलं म्हणून?

राहिले हात. रोज चारशे मुलांची ताटं खळबळायची म्हटल्यावर कोणाचेही हात फुटतात. तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही आई.

वेदवती माझ्याच शाळेत शिकली, तिच्याकडे तुम्ही जाऊन आलात ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

तुळसी

*

मेटगळ्ळी
१० नोव्हेंबर २०२४

तुळसीबाई,

कसली ताटं, म्हणून मी काल मृण्मयीला फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, 'आई, मी शाळेत लागले एवढंच तुला सांगितलं होतं. दातांचं तू जोडलंस.'

शाळेच्या स्वयंपाकघरात. सात महिने. मुलांनी उष्टी ताटं आणून ठेवायची, ती हिने गरम पाण्याखाली धरायची आणि मशीनमध्ये लावायची. पाच वर्षं शिकून, रात्रीचा दिवस करून डॉक्टर झालेली माझी मुलगी. तिकडे आपली डिग्री तशी चालत नाही, आधी त्यांची भाषा, मग त्यांच्या परीक्षा, हे मला माहीत होतं. पण तोवर ती घरी बसून अभ्यास करेल, नाहीतर एखाद्या दवाखान्यात मदत करेल, असं मला वाटत होतं. आणि शाळेत लागले म्हटल्यावर तर मी पेढे वाटले. मंडळातल्या बायका आपल्या नातवंडांच्या दातांचे फोटो मला पाठवतात, मृण्मयीला विचारा म्हणून. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?

आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. मला नाही, तुम्हाला. मी तिला जन्म दिला आणि तिच्या हाताला कशाने चिरा पडल्या ते मला तुमच्याकडून कळतं, तेही टोमण्यातून. तुम्ही ते मुद्दाम लिहिलंत. 'तुम्ही आई' असं लिहून पुढे पूर्णविराम दिलात, तो मी बघितला.

तुमच्या मुलाने तिला तिथे भांडी घासायला लावलं आणि वर तिच्या हातांना नाकं मुरडतो. बायकोला सुखात ठेवायची ऐपत नव्हती तर इंजिनियर म्हणून एवढ्या लांब नेलं कशाला?

यांनी आज मृण्मयीचं तिकीट काढलं. चौदा डिसेंबर. फक्त येण्याचं. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. 'तू कधीच ऐकत नाहीस' म्हणाली आणि फोन बंद केला.

जानकी

*

नजरबाद
१७ नोव्हेंबर २०२४

जानकीबाई यांस,

ताटांचं मी मुद्दाम लिहिलं. तुम्ही बरोबर ओळखलं. मृण्मयीने मला कोणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं. ती आता माझा फोन उचलत नाही. त्याची शिक्षा मी भोगतेच आहे, तुम्ही वेगळी देऊ नका.

पण तिने मला का सांगितलं ते ऐकून घ्या. मे महिन्यात व्हिडिओवर बोलताना तिने केस मागे घेतले. मी म्हटलं, हातांना काय झालं? ती रडली आणि मग सगळं सांगितलं. एवढंच झालं. तुम्ही दर वेळी तिला दवाखाना कसा आहे म्हणून विचारता. मी हात विचारले.

सुखात नाही म्हणता. तर तुमच्या मुलीचं सुख मी सांगते, तुम्हाला ती सांगत नाही म्हणून.

त्यांच्या इमारतीत कपडे धुवायची खोली एकच. वहीत नाव लिहून वेळ घ्यायची. दहा मिनिटं उशीर झाला तर शेजारी दारावर चिठ्ठी चिकटवतात. एकदा संकर्षणाने मशीनमध्ये त्याचा तांबडा पंचा टाकला, सगळे कपडे गुलाबी झाले. तुमची मुलगी गुलाबी कोट घालून आठवडाभर कामाला गेली आणि तिथल्या मुलांनी तिला गुलाबी ताई म्हणून नाव ठेवलं, त्यांच्या भाषेत. हे सांगताना ती इतकी हसली की ह्यांनी आतून येऊन काय झालं म्हणून विचारलं.

सांबारपूड संपली की दोघं भांडतात. तो म्हणतो, आईची पाहिजे. ती म्हणते, गोडा मसाला घालते, गप खा. तो गप खातो. माझा मुलगा, ज्याला माझ्या घरी सारात मीठ कमी झालं तर चालत नव्हतं. मला स्वल्प राग येतो, खोटं कशाला बोलू. पण ती दोघं राहतात चांगली.

नोकरी तिने स्वतः धरली. घरी बसून भाषा येणार नाही, मुलांत गेलं की येईल म्हणून. त्याने नको म्हटलं होतं. म्हणाली, अभ्यास माझा, हात माझे.

तुमचं तिकीट तुमच्याकडे ठेवा.

तुळसी

ता. क. बेजारचा अर्थ अजून सांगत नाही. तुम्ही अजून माझ्या मुलाची ऐपत काढता.

*

(ई-मेल)
१९ नोव्हेंबर २०२४

चि. संकर्षण यास,

हे मी मृण्मयीला न सांगता लिहिते आहे. तूही तिला सांगू नकोस.

तू तिला बेजार झाला आहेस हे मला तिच्याच पत्रातून कळलं. रोजच्या रोज तोंडावर ऐकून घ्यायला ती काही रस्त्यावर पडलेली नाही. तिला परत यायचं आहे. तुला तोंडावर सांगायचा तिला धीर होत नाही, म्हणून माझ्याजवळ रडते. मंगळसूत्राची भीड पडते तिला.

चौदा डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. तू शिकलेला मुलगा आहेस. तिला अडवू नकोस, कारणं विचारत बसू नकोस. तुझ्या तोंडून 'जा' असं आलं की ती सुटेल.

जानकी

*

नजरबाद
२७ नोव्हेंबर २०२४

जानकीबाई,

तुमची मेल संकर्षणाने मला पाठवली. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, मोठ्याने एक एक शब्द जोडून वाचतो. ही त्याने चार वेळा वाचली म्हणाला.

त्याने तुमचं ऐकलं. तिला 'जा' म्हणाला. कारण विचारलं नाही, तुम्ही विचारू नको म्हणून लिहिलं होतं ना. तिला वाटतं, आईचं तिकीट बघून ह्याला बरंच झालं. आज आठ दिवस दोघं त्या दोन खोल्यांत बोलत नाहीत. तो ऑफिसात बसून राहतो. ती बॅग भरते.

मी त्याला सांगितलं, मृण्मयी असं म्हणणार नाही. तो म्हणतो, तिची आई खोटं कशाला लिहील? मी काय सांगू? मृण्मयीला मी फोन केला, मेसेज केला, ती घेत नाही. ताटांचं मी फोडलं म्हणून माझ्यावर तिचा विश्वास उरला नाही, आणि तो बरोबर आहे.

आता अर्थ सांगते. पहिल्याच पत्राला सांगायला पाहिजे होता.

आमच्यात बेजार म्हणजे कंटाळा पण, आणि वाईट वाटणं पण. जीव कळवळला की आम्ही बेजार झालं म्हणतो. मूल आजारी पडलं की म्हणतो. कोणी वारलं तर तेच म्हणतो, दुसरा शब्द आमच्याजवळ नाही. तुमचे वडील गेले तेव्हा मी तेच म्हटलं होतं, मला फार वाईट वाटलं म्हणून. माझा मुलगा रोज तिचे हात बघून तेच म्हणतो. मग खोबरेल गरम करून तिच्या हातांना चोळतो, दोन्ही हातांना, एक एक बोट. हे तिनेच मला दाखवलं आहे. तिने तुम्हाला पाठवलेल्या मेलमध्ये ती ओळ का नव्हती ते मला माहीत नाही, बहुतेक आईला लिहायला लाजली.

तुमचं पहिलं पत्र वाचतानाच मला कळलं होतं की सगळा घोटाळा ह्या एका शब्दाचा आहे. एक ओळ लिहिली असती तर मिटलं असतं. पंगतीतलं हसणं आठवलं आणि मी लिहिलं नाही. मुलाच्या संसारापेक्षा मला माझा मान मोठा वाटला. तुमच्याजवळ हे कबूल करताना मला किती जड जातं ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

पण मी गप्प बसले, तुम्ही खोटं लिहिलं. ते तुमच्याशिवाय कोणी मोडू शकत नाही. तुम्ही त्याला लिहा, ती असं म्हणाली नव्हती म्हणून. दोन ओळी लिहा. मला शिव्या घाला, पण हे लिहा.

तुळसी

*

मेटगळ्ळी
३० नोव्हेंबर २०२४

तुळसीबाई,

पत्र मिळालं. अर्थ कळला. वडिलांच्या बाबतीत मी तुमच्यावर अन्याय केला, तो शब्द मागे घेते.

बाकी काही मागे घेत नाही. तेल लावणारा नवरा चांगलाच असेल. तेल लावून चिरा बुजतील, पण ताटं दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेतच. ती इथे आली तर दोन महिन्यांत हातात हत्यार धरेल. तिकडे अजून तीन-चार वर्षं ती खरकटं काढणार आणि तुम्ही म्हणणार, राहतात चांगली.

तुम्ही तीन आठवडे गप्प बसलात. मी दोन आठवडे बसते. तिकीट चौदा तारखेचं आहे.

जानकी

*

गॉथेनबर्ग
६ डिसेंबर २०२४

आई आणि अत्ते,

ही मेल बाबांना पाठवतेय. ते दोन प्रती काढून तुम्हा दोघींना देतील. दोघींना शब्दन् शब्द तोच मिळणार आहे, तेव्हा कोणाला काय लिहिलं हे शोधत बसू नका.

मी चौदा तारखेला येत नाही. तिकीट रद्द केलंय.

रविवारी आमचा कपडे धुवायचा नंबर होता. बॅगेत भरायचे कपडे धुवायला मी खाली गेले. संकर्षण मागून आला, कारण चादरींच्या घड्या एकट्याने होत नाहीत. दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या, आणि तोंडं शिवलेली. दुसऱ्या चादरीला तो म्हणाला, 'जायचं होतं तर मला सांगायचं होतंस, आईला का सांगितलंस?' मी म्हटलं, मी कधी सांगितलं? त्याने मोबाइल काढून आईची मेल वाचून दाखवली, त्याच्या पद्धतीने, अडखळत. 'मंगळसूत्राची भीड' त्याला कळलंच नव्हतं. मला विचारलं, भीड म्हणजे काय. मला हसू आलं आणि मग मी खूप रडले. वेळ संपल्यावर शेजारीण येऊन कपाळाला आठ्या घालून उभी राहिली तरी आम्ही तिथेच.

मग त्याने त्याच्या अप्पांना फोन लावला. तुमची सगळी पत्रं अप्पांच्या आणि बाबांच्या मोबाइलमध्ये आहेत. दोघं तळ्यावरच्या बाकावर बसून आधी वाचायचे, फोटो काढायचे आणि मग घरी आणून द्यायचे. ते दोघंही काही बोलले नाहीत, त्यांच्यावरही माझा राग आहे. पण निदान त्यांनी फोटो पाठवले.

अत्ते, मी विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुम्ही आईला मारायला दगड म्हणून वापरलीत. आणि अर्थ माहीत असून गप्प बसलात. तुम्हाला आमच्यापेक्षा ती पंगत मोठी वाटली.

आई, तुझ्याबद्दल काय लिहू? तुला तीस तारखेला सगळं कळलं होतं. अर्थ कळला, तेल कळलं, आम्ही बोलत नाही ते कळलं. तरी तू बसून राहिलीस. मी घरी यावी म्हणून माझं घर मोडू दिलंस. मी तुला ताटांचं सांगितलं नाही, कारण तुला माझ्यापेक्षा मंडळाला काय सांगायचं याची काळजी जास्त होती. तू पेढे वाटलेस ते मला बाबांनी सांगितलं. त्यानंतर कसं सांगणार होते?

मी ताटं धुते. मला ते आवडत नाही. पाणी फार गरम असतं आणि पाठ दुखते. पण मुलं माझ्याशी बोलतात, माझ्या चुका सुधारतात, जूनमध्ये भाषेची मोठी परीक्षा आहे, ती मी देणार आहे. मग दातांच्या परीक्षा. होईल तेव्हा होईल. संकर्षण भाजी करपवतो, मी ती खाते. मी त्याच्या इस्त्रीला नावं ठेवते, तो ऐकून घेतो. आम्हाला हे जमतंय, आणि मध्ये कोणी बोललं नाही तर जमत राहील.

आता माझी अट. तुम्हा दोघींचेही फोन मी घेणार नाही. लिहायचं असेल तर दोघींनी मिळून एका कागदावर लिहा, एका टेबलाशी बसून, आणि खाली दोघींच्या सह्या. एकटीने लिहिलेलं मी उघडणार नाही. वेगवेगळ्या लिहिता तेव्हा तुम्ही एकमेकींशीच भांडत असता. लेखी तुम्हाला फार आवडतं ना, मग लेखीच कळवा.

मृण्मयी

*

नजरबाद
१९ जानेवारी २०२५

मृण्मयी आणि संकर्षण यांस,

अत्ते लिहिते. कागद माझा, पेन तुझ्या आईचं. टेबलाच्या त्या बाजूला ती बसली आहे आणि मी लिहिते ते उलटं वाचते आहे. एवढे सहा आठवडे का लागले म्हणून विचारशील. कोणी कोणाच्या घरी यायचं ते ठरत नव्हतं. शेवटी ती आली. मी कॉफी दिली, ती तिने ठेवून दिली.

जानकी. कॉफीत साखर फार होती. आणि मी आले कारण तुळसीबाईंना मधुमेह आहे, रिक्षाने एवढ्या लांब यायला जमत नाही असं व्यासराजरावांनी सांगितलं. नंतर कळलं की मधुमेह त्यांना स्वतःला आहे.

तुळसी. मी काही सांगायला सांगितलं नव्हतं. मृण्मयी, ताटांचं मी फोडलं त्याबद्दल माफी माग म्हणून कोणी सांगितलं नाही, मी स्वतः मागते. तुझ्या आईला लागावं म्हणूनच लिहिलं होतं, आणि लागलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटत नाही.

जानकी. संकर्षण, ते वाक्य मृण्मयीचं नव्हतं. परत यायचं आहे असं ती मला कधीही म्हणाली नाही. मी बनवून लिहिलं. तुझा शब्द मला समजला नाही हे एकवेळ चालेल, पण समजल्यावरही मी गप्प बसले, त्याला काही उत्तर नाही. तू मला क्षमा कर असं मी लिहीत नाही. तुला वाटलं तर कर.

पुढचं यांना लिहू दे. मला लिहिता येणार नाही.

तुळसी. शुक्रवारी त्यांच्या मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला तिथे कोणी बोलावत नाही, आम्ही इथलेच म्हणून. ह्या वेळी तुझ्या आईने निरोप पाठवला, पत्राचं तिथेच ठरवू म्हणून. मी गेले. साठ-सत्तर बायका होत्या. एकीने विचारलं, मृण्मयीचं कसं चाललंय, माझ्या नातवाच्या दाढेचं तिला विचारलंत का? तुझी आई तिळगुळाचं ताट हातात घेऊन उभी होती. ते तिने खाली ठेवलं. म्हणाली, 'माझी मुलगी तिथे दातांचं काम करत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात ताटं धुते. एप्रिलपासून. मी तुम्हाला खोटं सांगितलं, कारण मी तिला नीट विचारलंच नव्हतं.' हे एकदा म्हणाली. मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही, त्यांनी काय काय म्हणून विचारलं, तेव्हा पुन्हा म्हणाली, मोठ्याने.

 एकीने मान फिरवली. मग पुढचं हळदीकुंकू सुरू झालं. मी तिच्याकडे खुर्ची सरकवून दिली. हात वगैरे धरला नाही. मला ही बाई आवडत नाही, हिने माझ्या मुलाला जे लिहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण जे झालं ते तुला कळायला पाहिजे, आणि ती स्वतः लिहिणार नाही.

जानकी. एवढं सगळं लिहायची गरज नव्हती. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, मी काही बोलले नाही.

मृण्मयी, डॉ. वेदवतींना मी नाही म्हणून कळवलं. तिकिटाचं बाबांनी बघितलं. गोडा मसाला आणि सांबारपूड एकाच डब्यात पाठवतोय, मध्ये पुठ्ठा घातलाय. कुठली कुणाची ते तुम्हाला वासावरून कळेल.

मला तुला एकच सांगायचंय, आणि ते या बाईंच्या देखत लिहावं लागतंय. पुढच्या वेळी काही वाईट झालं, कसलंही, तर मला आधी सांग. मी ओरडेन, तरी सांग. यांना नंतर सांग.

जानकी उपेंद्र
तुळसी व्यासराज